न विचारता केलेली फेरी

२ फेब्रुवारी

कोच म्हणाल्या, लिहा. रोज नाही जमलं तरी फेरी झाली की लिहा, नाहीतर डोकं आपल्या सोयीने सगळं शिवून टाकतं. म्हणून ही वही. शाळा सुटल्यापासून मी कामाच्या चिठ्ठ्यांपलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत. तसंही वाचणार कोण?

मुद्द्याचं आधी लिहिते. आमचे हे सिटी बस चालवतात. चालवायचे. ऑक्टोबरात एका चौकात एक म्हातारे गृहस्थ यांच्या बससमोर आले. उभ्या टेम्पोच्या आडून एकदम रस्त्यात, हातात कुत्र्याचा पट्टा. यांनी ब्रेक वेळेवर दाबला होता, चूक यांची नाही, असं चौकशीत लेखी मिळालं. पण गृहस्थ गेले. कुत्र्याला खरचटलंही नाही. त्या दिवसापासून हे घरी आहेत. जेवतात, आंघोळ करतात, विचारलं तर हो-नाही म्हणतात. बाकी खिडकीजवळची खुर्ची आणि हे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी यांना झोप येते, पण माणूस काही जागा होत नाही. डेपोने मार्चअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय. तोवर गाडीवर यायचं की कायमचं घरी बसायचं ते सांगा म्हणाले. या माणसाला गाडीशिवाय दुसरं काही येत नाही आणि आवडतही नाही. गाडी सुटली तर हे त्या खुर्चीतून पुन्हा उठायचे नाहीत. माझी सगळी धास्ती ती आहे.

मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. कोचचा पुढचा दात मीच बनवला. पूर्वी त्या पोहायला शिकवायच्या, अजून गळ्यात शिट्टी असते. दात बसवून बघताना मी रडले (माझं काय, साबणाची वडी संपली तरी रडू येतं हल्ली) आणि त्यांनी विचारलं. मग कळलं की त्या आता हेच शिकवतात. जगात ठिकठिकाणी डफाच्या ठेक्यावर दुसऱ्या जगात जाऊन येणारी माणसं होती, अजून आहेत. त्यांना शामन म्हणतात. जबर धक्का बसला की माणसाचा एक तुकडा घाबरून पळतो आणि कुठेतरी अडकून बसतो. शामन तिकडे जाऊन तो परत आणतो. त्या जाण्याला कोच फेरी म्हणतात.

हे ऐकलं आणि मला वाटलं, अगदी आमच्या घरात येऊन बघून गेल्यासारखं बोलताहेत.

६ फेब्रुवारी

टायरच्या दुकानावरची खोली. खालून हवा भरायच्या यंत्राचा आवाज येतो, रबराचा वास येतो. आम्ही गोलात आडवे पडतो, डोळ्यांवर फडकं, कोच डफ वाजवतात. मनात जमिनीतलं एखादं भोक बघायचं आणि त्यातून खाली उतरायचं. खाली आपला प्राणी भेटतो, तो वाट दाखवतो.

उठल्यावर सगळ्यांनी सांगितलं. बँकेतल्या बाईंना लांडगा मिळाला. वाण्याला गरुड. एका कॉलेजच्या मास्तरांना तर पांढरा वाघ, आणि सांगताना जणू तो त्यांनी स्वतः पाळलेला. माझी पाळी आली.

मला पाल मिळाली.

सगळे खोकल्याचं निमित्त करून हसले. कोच हसल्या नाहीत. म्हणाल्या, “पाल बरी. जागा सोडत नाही.” मी म्हटलं, मला बदलून मिळेल का? तर शिट्टी वाजवली.

११ फेब्रुवारी

नियम असे: उजाडायच्या आत उठायचं. रोज तीच जागा. आधी तोंड धुवायचं, मग हेतू मोठ्याने एका वाक्यात म्हणायचा. “एका वाक्यात बसला नाही तर तो हेतू नव्हे, तक्रार,” असं कोच म्हणतात. आणि शेवटचा नियम, जो त्यांनी दोनदा सांगितला: ज्याने स्वतःच्या तोंडाने मागितलं नाही, त्याच्यासाठी जायचं नाही. नवरा असो, मूल असो. विचारायचं, ‘हो’ ऐकायचं, मगच.

माझं म्हणणं असं, की तापात बरळणाऱ्या माणसाला कोणी औषध घेतोस का विचारत बसतं का? नाक दाबायचं की तोंड उघडतं. हे काही मागण्याच्या स्थितीतच नाहीत. तेव्हा मी ठरवलंय. मागच्या खोलीत चटई टाकून, कोचनी सरावाला दिलेल्या डफावर नुसत्या बोटांनी, हळू. हेतू: ‘यांचा हरवलेला तुकडा घरी आणायचा आहे.’ बसला एका वाक्यात.

आज गेले. पाल पुढे, मी मागे. एका ओल्या भिंतीपाशी थांबली ती हलेचना. मला तर एका जागी उभं राहिलं की तळपायाला मुंग्या येतात. शेवटी मीच परत आले.

१४ फेब्रुवारी

काही नाही. मांडी आखडली.

१७ फेब्रुवारी

गंमत म्हणजे पहाटे जाऊन बघते तर चटई अंथरलेली असते, खिडकी लावलेली असते. रात्री झोपायच्या आधी मीच करत असणार आणि मला आठवत नसणार. कोच म्हणतात तशी शिस्त अंगात मुरायला लागली म्हणायची.

हे भिंतीकडे तोंड करून झोपलेले असतात. बरंय. ऐकलं असतं तर म्हणाले असते, बायको पण गेली कामातून.

२० फेब्रुवारी

काम होतंय! दुपारचा चहा झाला की हे उठतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि बाहेर पडतात. दिवेलागणीला परत. तीन-चार दिवस झाले म्हणे, मी कामावर असते म्हणून मला कळलं नाही, समोरच्या बाईंनी सांगितलं. कुठे जाता विचारावं असं ओठांवर आलं होतं, पण तुकडा परत येत असताना मध्ये बोलू नये असं वाटलं. डोळ्यांत जरा पाणी आल्यासारखं दिसतं, मेलेल्या माशासारखे नाहीत आता.

वन्संचा फोन. त्यांना तिकडे बसल्या-बसल्या सगळं कळतं. “अगं, घरात बसणारा पुरुष एकदम इस्त्री करायला लागला, ठरल्या वेळेला बाहेर पडायला लागला, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. तू भोळी आहेस.”

“वन्सं, आधी त्यांना जगू तर द्या. मग पाणी मुरू द्या नाहीतर वाहू द्या.”

“दे, दे. तू डफ बडव आणि तो तिकडे लग्न लावून येऊ दे.”

फोन ठेवला आणि मग इतकी अस्वस्थ झाले की दोन कवळ्यांचे वरचे-खालचे जबडे उलटे बसवले. असली चूक माझ्या हातून कधी झालेली नाही.

२५ फेब्रुवारी

यांची पँट धुवायला काढली तर गुडघ्याखाली केस. राठ, तपकिरी, प्राण्याचे. एक-दोन नाहीत, चांगला झुपका निघेल एवढे.

आमच्या घरात प्राणी नाही. यांच्या ओळखीत कोणाकडे नाही. मी मोरीत तशीच बसून राहिले. कोच म्हणाल्या होत्या, तुकडा परत येऊ लागला की त्या माणसाचा प्राणी आधी येतो, खुणा दिसतात. पण अशा? हातात धरण्यासारख्या? मला भीती वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. केस गोळा करून एका कवळीच्या डबीत ठेवले.

पहाटेच्या फेरीत त्या ओल्या भिंतीमागे तपकिरी काहीतरी हललं. शपथ.

२८ फेब्रुवारी

यांच्या हाती डबी लागली. उघडून बघत होते.

“हे काय आहे?”

“काही नाही. कामाचं.”

किती तरी वेळ हे केसांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अगं, तू बस जरा. मला तुला...” पण माझी खोली झाडायची राहिली होती, संध्याकाळी झाडली नाही तर पहाटे धुळीने शिंका येतात. म्हटलं, आलेच. आले तर हे उठून खिडकीपाशी गेले होते. डबी मिटून ओट्यावर.

काय सांगायचं असेल? जेवणाचं असेल. तिखट जास्त झालं होतं.

४ मार्च

सगळं ओम फस.

मी गोलात उठून सांगितलं. चहानंतरचं बाहेर जाणं, डोळे, केस, सगळं. डबीही नेली होती. बँकेतल्या बाईंनी अंगावर काटा आला म्हणून दंड दाखवला. पांढऱ्या वाघवाल्यांचं तोंड बघण्यासारखं झालं, त्यांचा वाघ अजून एक केस सोडून गेलेला नाही.

कोचनी एवढंच विचारलं, “त्यांनी मागितलं होतं?”

मी डबीचं झाकण लावलं.

“मागितलं होतं का?”

“ते बोलतच नाहीत तर मागतील कसे?”

“तुम्ही विचारलंत का?”

शिट्टी वाजवली नाही, ओरडल्या नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाल्या, “न विचारता दुसऱ्याच्या आत शिरायचं आणि त्याला सेवा म्हणायचं, हे इथे चालत नाही. घरी जा. सरळ तोंडाने विचारा. तोवर डफाला हात लावू नका.” सगळ्यांसमोर! माझ्याच बोटांनी घासूनपुसून बसवलेला दात तोंडात, आणि त्याच तोंडाने मला! परत आले ती चालतच आले, बस सोडून दिली. मला नाही शिकायचं. नाही यायचं त्या रबराच्या वासात.

५ मार्च

पहाटे जाग आलीच. चटई अंथरलेली होती. मी काल हात लावला नव्हता, नक्की. विसरत चालले आहे मी, दुसरं काय.

८ मार्च

विचारायला काय लागतं? ‘अहो, तुमच्यासाठी जाऊ का?’ चार शब्द. तीन वेळा समोर जाऊन उभी राहिले. एकदा भांडी घासायला परतले, एकदा फोन वाजला, एकदा काहीच झालं नाही, नुसती परतले.

खरं लिहिते. ऑक्टोबरपासून मी त्या दिवसाबद्दल यांना एक शब्द विचारलेला नाही. डॉक्टर, गोळ्या, कागद, वन्सं, डेपो, डफ, सगळीकडे धावले. यांच्यासमोर बसून ‘काय झालं हो’ एवढं म्हटलं नाही. मला वाटतं विचारलं तर हे सांगतील. आणि मग ते माझ्याही डोळ्यांसमोर राहील. मी हे लिहितेय आणि पाय हलतोय, टेबल हलतंय, ओळ वाकडी जातेय.

१२ मार्च

विचारलं. हे मटार सोलत होते.

“अहो, तुमच्यासाठी मी फेरी करू का? डफाची. तुमचं काहीतरी तिकडे राहिलंय. मी जाऊन आणते.”

“तिकडे म्हणजे कुठे?”

“त्या चौकात.”

त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. मग म्हणाले, “मी रोज तिथेच जातो. उद्या सुट्टी घे. ये माझ्याबरोबर.”

१३ मार्च

चौकामागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या. दाराशी साठी ओलांडलेल्या बाई, गुडघ्याला पट्टा. “आलात? मघापासून दाराशी येऊन बसलाय.” आणि मागून राठ केसांचा, तपकिरी, जाडजूड कुत्रा, त्याने येऊन सगळं अंग यांच्या पँटवर घासलं.

मी डबी आठवून हसले. तिथेच, दारात, त्या बाईंसमोर. मग थांबता येईना.

कुत्र्याचं नाव तपकीर. बससमोर आलेल्या त्या गृहस्थांनी ठेवलेलं, या बाई त्यांच्या पत्नी. ते गेल्यापासून हा बाहेर पडेना, बाईंना गुडघ्यामुळे ओढता येईना. चौकशीच्या कागदावरचा पत्ता शोधत हे एकदा दाराशी जाऊन नुसते उभे राहिले होते, बाईंनी विचारलं, “प्राण्यांच्या संस्थेतून आलात ना?” आणि यांच्या तोंडून ‘हो’ गेलं. तेव्हापासून रोज. बाईंना हे कोण ते माहीत नाही. मला म्हणाल्या, “तुमच्या यजमानांसारखी देवमाणसं आहेत म्हणून चाललंय.” यांची मान खाली ती खालीच.

परत येताना मी म्हटलं, “म्हणजे तुम्हीही न विचारताच गेलात.”

“म्हणजे?”

मग कोचचा नियम सांगितला. ज्याने मागितलं नाही त्याच्या घरात शिरायचं नाही, चांगलं करायलासुद्धा. त्या बाईंनी संस्थेच्या माणसाला ‘हो’ म्हटलंय, तुम्हाला नाही. बोलताना मला फार शहाण्यासारखं वाटत होतं. यांचा चेहरा बघितला आणि सगळा शहाणपणा गळून पडला.

१६ मार्च

पुन्हा खुर्ची. चहानंतरही उठत नाहीत. कुत्रा दाराशी बसला असेल. मी कशाला तोंड उघडलं? आपण जिला मलमाची डबी समजतो ती चुन्याची निघावी तशी गत.

वन्संना सांगितलं, बाई साठीच्या पुढच्या आहेत. त्या म्हणाल्या, “हल्ली वयाचं काही सांगता येत नाही.”

१९ मार्च

आज दुपारी इस्त्री केली. म्हणाले, “मी सांगणार आहे. तू चल. बोलू नकोस फक्त.”

बाईंनी उशीर झाल्याबद्दल कुरकुर केली, पट्टा पुढे केला. यांनी पट्टा घेतला नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाले, “मी संस्थेतून येत नाही. ती बस मी चालवत होतो.”

मी यांच्या मागे, नखं तळव्यात रुतवून. कुत्रा कधी यांच्याकडे बघतोय, कधी बाहेर. मला वाटलं आता त्या ओरडतील, दार आपटतील, काहीही करा पण लवकर करा असं झालं मला. त्यांनी दाराची चौकट धरली. मग इतक्या हळू विचारलं की मला आधी कळलंच नाही, “ते काही बोलले का हो? शेवटी?”

“बोलले. मी उतरून जवळ बसलो होतो. तपकीर, तपकीर, अशी हाक मारली दोनदा. तो आला, त्यांच्या हाताला नाक लावलं. मग ते काही बोलले नाहीत.”

“एकटे नव्हते म्हणजे.”

“नाही.”

“मला कोणी सांगितलं नाही. पोलिसांना विचारलं, दवाखान्यात विचारलं. जागेवर गेले, जागेवर गेले, एवढंच सगळे म्हणतात.” पट्टा त्यांनी हाताभोवती गुंडाळला. “उद्या येऊ नका. मी सांगेन यायचं तेव्हा. सांगितलं तर या.” आणि दार लावलं, न आपटता.

बसथांब्याच्या बाकावर हे बसले आणि सांगायला लागले. टेम्पो, ब्रेकचा आवाज, चष्मा कुठे पडला होता, मागच्या सीटवरची बाई काय किंचाळली, सगळं. तीन बस आल्या आणि गेल्या. माझ्या पायांना मुंग्या आल्या, मान अवघडली, ऐकवेना. तरी बसून राहिले. बायकोने आणखी काय करायचं असतं मला माहीत नाही.

२४ मार्च

बाईंचा फोन नाही. मी दिवसातून चारदा यांच्या फोनची घंटी चालू आहे ना बघते. हे बघत नाहीत. हे बोलतात मात्र, भाजी आणताना, दिवा बदलताना, मध्येच, त्या दिवसाचं काहीतरी राहिलेलं. पहाटेची चटई हेच अंथरत होते, तेही असंच मध्येच कळलं. आता खरंच माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं राहतं. काल कामावर प्लास्टर कालवताना तो चष्मा दिसला.

कोचकडे गेले. सांगितलं. त्यांनी डफ माझ्या हातात दिला आणि विचारलं, “आता तुमचा हेतू काय? एका वाक्यात.” मी तोंड उघडलं. यांनी गाडीवर जावं, पण नको असेल तर जाऊ नये, पण मग काय करणार, आणि बाईंचा फोन यावा, आणि मला झोप यावी, आणि... शिट्टी वाजली. “यात तुमच्या स्वतःसाठी मागितलेलं फक्त शेवटचं आहे,” म्हणाल्या, “तिथून सुरुवात करा.” काहीतरीच. झोप हा काय हेतू झाला?

३१ मार्च

सकाळी यांनी गणवेश घातला. शर्ट ढगळ झालाय. “काय सांगणार डेपोत?” मी विचारलं.

“तिथे गेल्यावर तोंडातून निघेल ते.”

मी रजा घेतली होती. डफ वाजवला नाही. तीनदा ओटा पुसला, कपाट आवरलं, पुन्हा विस्कटलं. दुपार कलल्यावर जिन्यात पाय वाजले.

डेपोच्या साहेबांनी रिकामी बस दिली, शेजारी स्वतः बसले, म्हणाले, कुठूनही न्या. हे गेले ते त्याच रस्त्याने.

“मग?”

“चौकात थांबलो.”

“लाल होता?”

“हिरवा होता. तरी थांबलो. पायच उचलेना ब्रेकवरून. मागून हॉर्न. एक स्कूटरवाला शिव्या घालून गेला. मला वाटलं, आता कोणीतरी चढून येऊन माझा पाय उचलून बाजूला ठेवायला हवा.”

“मग हो?”

“कोणी आलं नाही. मग मीच उचलला.”

परवापासून सकाळची पाळी. दुसऱ्या मार्गावर देऊ का, असं साहेबांनी विचारलं. हे म्हणाले, नको.

बूट काढले, बोटं हलवून बघितली आणि म्हणाले, “वाढ काहीतरी, भूक लागलीय.” गेल्या ऑक्टोबरपासून यांनी भूक हा शब्द उच्चारला नव्हता. मी ताट घेतलं आणि ओट्याशी जाऊन रडायला लागले. ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता.

बाहेरून आवाज आला, “अगं, नळ बंद कर. इकडे येऊन रड.”